रुग्णानुभव-प्रकटन

वैद्याकडून (डॉक्टरकडून), दवाखान्यातून किंवा रुग्णालयातून उपचार घेताना रुग्णास आलेल्या अनुभवांची पद्धतशीर नोंद करून ती संबंधित वैद्याच्या, वैद्यसमूहाच्या किंवा संस्थेच्या नावानिशी सर्वांना पाहता येईल अशा रीतीने प्रसिद्ध करणे, यास रुग्णानुभव-प्रकटन असे म्हणता येईल. वैद्याने रुग्णाचे म्हणणे ऐकून घेतले काय, आजाराचे व उपचारांचे स्वरूप त्यास समजेल अशा भाषेत सांगितले काय, तपासणीच्या वेळी त्याची प्रतिष्ठा राखली काय, वेदना होत असता मदत वेळेवर मिळाली काय, घरी जाताना औषधे कशी घ्यावयाची हे समजावून दिले काय, अशा प्रश्नांची उत्तरे हा या नोंदींचा गाभा असतो.

वैद्य व रुग्ण यांच्यातील संबंध मूलतः विषम असतो. ज्ञान वैद्याकडे असते, तर शरीर, वेदना व बहुधा खर्चही रुग्णाचा असतो. वैद्याच्या कौशल्याची पारख करण्याचे साधन सामान्य माणसाजवळ नसते. त्यामुळे शेजारीपाजारी, नातेवाईक व पूर्वीचे रुग्ण यांच्या सांगण्यावरूनच वैद्याची निवड करण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. रुग्णानुभव-प्रकटन हे या कर्णोपकर्णी चालणाऱ्या माहितीस दिलेले व्यवस्थित व तपासता येण्याजोगे रूप होय. खाजगीत बोलली जाणारी गोष्ट जाहीर झाली की तिच्यावर एखाद्याची उपजीविका व नावलौकिक अवलंबून राहतो. आणि ती दडपली गेली की काही वेळा रुग्णांच्या जिवाशी गाठ पडते. या दोन बाजूंचा तोल साधणे हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

अनुभव, समाधान व फलित : या तीन संकल्पनांत भेद करणे आवश्यक आहे. ‘तुम्ही समाधानी आहात काय’ या प्रश्नाचे उत्तर रुग्णाच्या अपेक्षांवर अवलंबून असते. ज्याने आयुष्यभर उपेक्षाच अनुभवली, तो अल्पशा सौजन्यानेही संतुष्ट होतो. उलट ज्याच्या अपेक्षा मोठ्या असतात, तो चांगल्या सेवेविषयीही कुरकुर करतो. म्हणून आधुनिक प्रश्नावल्यांत मताऐवजी घटना विचारली जाते. ‘परिचारिका चांगल्या होत्या काय’ असे न विचारता ‘घंटी वाजविल्यानंतर हवी तेव्हा मदत किती वेळा मिळाली : कधीच नाही, काही वेळा, बहुधा, नेहमी’ असे विचारले जाते. फलित म्हणजे उपचारांचा प्रत्यक्ष परिणाम, उदा., मृत्यू, जंतुसंसर्ग, पुन्हा दाखल व्हावे लागणे इत्यादी. त्याचे मापन वैद्यकीय नोंदींवरून होते.

ॲव्हेडिस डोनाबेडियन (१९१९–२०००) यांनी १९६६ मध्ये वैद्यकीय सेवेच्या गुणवत्तेची रचना, प्रक्रिया व फलित अशी त्रिविध मांडणी केली. तीनुसार पाहता रुग्णाचा अनुभव हा मुख्यतः प्रक्रियेचा साक्षीपुरावा ठरतो. निदान बरोबर होते काय, हे रुग्णास बहुधा सांगता येत नाही. परंतु आपले बोलणे अर्ध्यावर तोडले गेले काय, हे त्याच्याइतके खात्रीने दुसऱ्या कोणासही सांगता येत नाही.

इतिहास : वैद्यकीय कामगिरी जाहीर करावी, हा विचार प्रथम फलितांच्या संदर्भात मांडला गेला. बॉस्टन येथील शस्त्रक्रियाविशारद अर्नेस्ट ॲमरी कॉडमन (१८६९–१९४०) यांनी आपल्या छोट्या खाजगी रुग्णालयातून १९११ ते १९१६ या काळात उपचार घेऊन गेलेल्या ३३७ रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आणि तीत उपचारांतील १२३ चुका स्वतःहून नमूद केल्या. इतर रुग्णालयांनीही असेच करावे, हा त्यांचा आग्रह मात्र त्या काळी समव्यावसायिकांना रुचला नाही.

रुग्णाचे म्हणणे हा अभ्यासाचा विषय होण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. ग्रेट ब्रिटनमध्ये ॲन कार्टराइट या समाजशास्त्रीय संशोधिकेने रुग्णालयांतील मानवी संबंधांविषयीचा आपला अभ्यास १९६४ मध्ये, तर रुग्ण व त्यांचे कुटुंबवैद्य यांच्याविषयीचा अभ्यास १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. रुग्णांना तक्रारीपेक्षा माहितीचा अभाव अधिक जाचतो, ही गोष्ट अशा पाहण्यांतून पुढे आली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) बार्बरा कॉर्श व त्यांचे सहकारी यांनी लॉस अँजेल्स येथील बालरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील ८०० भेटींचा अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. मुलाला घेऊन आलेल्या अनेक मातांना ज्या गोष्टीची सर्वांत अधिक काळजी वाटत होती, ती वैद्यापुढे मांडण्याची संधीच मिळाली नव्हती, असे त्यात आढळून आले.

याच सुमारास रुग्णांच्या संघटना उदयास आल्या. ब्रिटनमध्ये १९६३ साली रुग्णांचा राष्ट्रीय संघ (पेशंट्स असोसिएशन) स्थापन झाला. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेत १९७४ पासून स्थानिक आरोग्य परिषदा रुग्णांची बाजू मांडू लागल्या. इंग्लंडमधील या परिषदा २००३ मध्ये बंद करण्यात आल्या. अ. सं. सं.मध्ये मानवशास्त्रज्ञ अर्विन प्रेस व समाजशास्त्रज्ञ रॉड गॅनी यांनी १९८५ मध्ये रुग्णालयांसाठी सर्वेक्षणे करणारी संस्था काढली. हार्व्ही पिकर (१९१५–२००८) यांच्या पुढाकाराने १९८७ मध्ये रुग्णकेंद्री सेवेच्या अभ्यासाचा कार्यक्रम सुरू झाला. रुग्णाच्या आवडीनिवडीचा आदर, माहिती, शारीरिक आराम, भावनिक आधार, कुटुंबाचा सहभाग, सेवेतील सातत्य इ. पैलू या कार्यक्रमाने निश्चित केले. पुढील बहुतेक प्रश्नावल्या याच चौकटीवर आधारलेल्या आहेत. तथापि या टप्प्यापर्यंत निष्कर्ष संस्थेच्या कपाटातच राहत. ते लोकांपुढे मांडले जात नसत.

जाहीर प्रकटनाची कोंडी फुटली ती न्यूयॉर्क राज्यात. हृदय-रोहिणीच्या उपमार्ग शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंची आकडेवारी तेथील आरोग्य खात्याने १९८९ पासून गोळा केली व १९९० मध्ये रुग्णालयवार प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियाविशारदांच्या नावानिशी आकडेवारी देण्यास खाते तयार नव्हते. तेव्हा एका वृत्तपत्राने माहितीच्या हक्काखाली न्यायालयात दाद मागितली आणि १९९१ मध्ये ती मिळविली. हे प्रकटन फलितांचे होते, अनुभवांचे नव्हते. परंतु वैद्याच्या नावानिशी कामगिरी प्रसिद्ध करता येते, हे त्यामुळे प्रस्थापित झाले.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने : आरोग्यविषयक संशोधन करणाऱ्या संघशासकीय संस्थेने १९९५ पासून आरोग्य-विमा योजनांच्या ग्राहकांसाठी प्रमाणित प्रश्नावली तयार करण्यास प्रारंभ केला. तिचीच रुग्णालयांसाठी केलेली आवृत्ती ‘एचकॅप्स’ या नावाने ओळखली जाते. आरंभी तीत २७ प्रश्न होते. ऑक्टोबर २००६ पासून ती देशभर वापरात आली व मार्च २००८ मध्ये तिचे निष्कर्ष रुग्णालयवार प्रथम प्रसिद्ध झाले. सर्वांना एकच प्रश्न, एकच पद्धत आणि एकाच ठिकाणी सर्वांची प्रसिद्धी, हे तिचे वैशिष्ट्य होय. प्रसिद्धीच्या पहिल्याच वर्षात बहुतेक बाबतींत अल्प परंतु सार्वत्रिक सुधारणा दिसून आली. ऑक्टोबर २०१२ पासून वृद्धांच्या शासकीय विमा योजनेकडून रुग्णालयास मिळणाऱ्या मोबदल्याचा काही भाग गुणवत्तेशी जोडण्यात आला. पहिल्या वर्षी या गुणांकनात रुग्णानुभवाचा वाटा ३०% होता.

एकेका वैद्याच्या नावाने प्रकटन करण्याचा प्रश्न अधिक नाजूक होता. २०१० च्या आरोग्य-सुधारणा अधिनियमानुसार वैद्यांची तुलनात्मक माहिती देणारे शासकीय संकेतस्थळ त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झाले व २०२० मध्ये ते एका व्यापक संकेतस्थळात विलीन झाले. तथापि त्यावर रुग्णानुभव प्रामुख्याने वैद्यसमूहांच्या पातळीवरच दिले गेले. दरम्यान कोणीही काहीही लिहावे अशी खाजगी संकेतस्थळे २००४ पासून वाढत गेली. तीत बहुतेक वैद्यांच्या नावे मोजकेच अभिप्राय असत व लिहिणारा खरोखरीच रुग्ण होता किंवा नाही, हे कळण्यास मार्ग नसे. यावर उपाय म्हणून यूटा विद्यापीठाच्या आरोग्यसेवेने डिसेंबर २०१२ मध्ये आपल्या वैद्यांविषयी रुग्णांनी सर्वेक्षणात दिलेले गुण व लिहिलेले अभिप्राय, प्रतिकूल अभिप्रायांसह, स्वतःच प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. केवळ प्रत्यक्ष उपचार घेतलेल्या रुग्णांसच प्रश्नावली पाठविणे, उत्तरांची किमान संख्या गाठल्याशिवाय गुण न दाखविणे आणि बदनामीकारक किंवा रुग्णाची ओळख उघड करणारा मजकूर तेवढा वगळणे, हे त्यामागील नियम होते. ही पद्धत पुढे तेथील इतर अनेक संस्थांनी स्वीकारली.

ग्रेट ब्रिटन : शेफील्ड येथील कुटुंबवैद्य पॉल हॉजकिन यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात रुग्णांनी आपला अनुभव कथारूपाने सांगावा व संबंधित सेवेने तेथेच जाहीर उत्तर द्यावे, अशी योजना होती. गुण देण्यापेक्षा संवाद व त्यातून झालेला बदल यांवर तीत भर असतो. राष्ट्रीय आरोग्य सेवेने २००७ मध्ये आपले स्वतंत्र संकेतस्थळ काढले. कुटुंबवैद्यांच्या दवाखान्यांविषयीचे देशव्यापी सर्वेक्षणही इंग्लंडमध्ये २००७ पासून सुरू झाले असून त्याचे निष्कर्ष दवाखानावार प्रसिद्ध होतात.

रुग्णांचे न ऐकल्यास काय घडते, याचे दारुण उदाहरण म्हणून स्टॅफर्ड येथील रुग्णालयाचा उल्लेख केला जातो. या रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात अनेक रुग्णांची हेळसांड झाली. आपल्या हाताने जेवू न शकणाऱ्यांस कोणी भरवीत नसे, पाण्याचा पेला हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवलेला असे, मलमूत्राने खराब झालेल्या अंथरुणात रुग्णांना दीर्घकाळ पडून राहावे लागे आणि तातडीच्या विभागात प्रशिक्षण नसलेले कर्मचारी रुग्णांची प्राथमिक छाननी करीत. रुग्ण व त्यांचे नातेवाईक तक्रारी करीतच होते. परंतु संचालक मंडळाचे लक्ष खर्चाचा मेळ व शासकीय उद्दिष्टे यांवर केंद्रित झाले होते. २००७ मध्ये आईच्या मृत्यूनंतर ज्यूली बेली यांनी इतर पीडित कुटुंबांना एकत्र आणून संघटना उभी केली व चौकशीची मागणी लावून धरली. आरोग्यसेवा आयोगाचा अहवाल २००९ मध्ये, तर रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशांचे अहवाल २०१० व २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. शेवटच्या अहवालात २९० शिफारशी होत्या. रुग्णांचे म्हणणे पुरेसे ऐकले गेले नाही, हा त्यातील एक प्रमुख निष्कर्ष होता. एप्रिल २०१३ पासून रुग्णालयांतून ‘ही सेवा तुम्ही आपल्या आप्तमित्रांस सुचवाल काय’ असा एक प्रश्न प्रत्येक रुग्णास विचारला जाऊ लागला. या प्रश्नाची शब्दरचना संदिग्ध असल्याने (तातडीचा विभाग आप्तास ‘सुचविण्याचा’ प्रसंग कोणास हवासा वाटेल?) एप्रिल २०२० पासून त्याऐवजी ‘एकंदरीत सेवेचा अनुभव कसा आला’ असे विचारण्यात येऊ लागले.

मापनपद्धती : विश्वसनीय प्रकटनासाठी पुढील बाबी महत्त्वाच्या मानल्या जातात.

(१) नमुना : ज्यांना राग आला किंवा ज्यांना विशेष कृतज्ञता वाटली, असेच लोक आपण होऊन लिहितात, मधल्या बहुसंख्यांचा आवाज त्यात उमटत नाही. म्हणून उपचार घेतलेल्यांच्या यादीतून यदृच्छेने (कोणताही पक्षपात न करता) रुग्ण निवडले जातात. तरीही पुष्कळजण उत्तर पाठवीत नाहीत. निरक्षर, अतिवृद्ध, परभाषिक व अत्यंत आजारी व्यक्ती यांत गळतात. म्हणजे ज्यांचे ऐकणे सर्वांत आवश्यक, त्यांचेच ऐकावयाचे राहून जाते.

(२) संख्या : चारपाच उत्तरांवरून एखाद्या वैद्याविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. मॅसॅचूसेट्स राज्यातील ६७ दवाखान्यांतील २१५ वैद्यांविषयीच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर वैद्यामागे सु. ४५ रुग्णांची उत्तरे मिळाल्यास बहुतेक मापनांना पुरेशी विश्वसनीयता येते, असे आढळले.

(३) रुग्णसंमिश्रतेची दुरुस्ती : वृद्ध व प्रकृतीने बऱ्या असलेल्या व्यक्ती सामान्यतः अधिक गुण देतात, तरुण व दीर्घ आजाराने त्रस्त झालेल्या व्यक्ती कमी देतात. ज्या वैद्याकडे अवघड रुग्ण अधिक येतात, त्याच्यावर अन्याय होऊ नये म्हणून वय, शिक्षण, प्रकृतिमान इ. घटकांसाठी सांख्यिकीय दुरुस्ती केली जाते.

(४) पातळी : संस्थेच्या सरासरीत व्यक्तीचे गुणदोष लपतात. इंग्लंडमधील २५ दवाखान्यांतील १०५ कुटुंबवैद्यांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, ज्या दवाखान्यांचे गुण चांगले होते तेथील बहुतेक वैद्य चांगले होते. परंतु कमी गुणांच्या दवाखान्यांत उत्तम व निकृष्ट असे दोन्ही प्रकारचे वैद्य आढळले. अशा ठिकाणी सरासरी प्रसिद्ध केल्याने चांगल्यावर अन्याय होतो आणि निकृष्टास आडोसा मिळतो.

(५) कथन : आकड्यांवरून कोठे दुखते हे कळते, का दुखते हे कळत नाही. त्यासाठी रुग्णाने आपल्या शब्दांत लिहिलेला मजकूर उपयोगी पडतो. मात्र एखादी हृदयद्रावक कथा वाचकाच्या मनावर शेकडो उत्तरांच्या सरासरीहून अधिक ठसते. यासाठी अपेक्षा, प्रत्यक्ष घटना व वैद्याशी झालेला व्यवहार यांविषयी क्रमाने खुले प्रश्न विचारून कथने मिळविण्याची पद्धत विकसित करण्यात आली आहे.

उपयोग व आक्षेप : प्रकटनाचा परिणाम दोन मार्गांनी होतो, असे मानतात. एक म्हणजे रुग्ण चांगल्या वैद्याची निवड करतात. दुसरा म्हणजे नावलौकिकाच्या काळजीने वैद्य व संस्था स्वतः सुधारतात. यांपैकी पहिला मार्ग प्रत्यक्षात अरुंद असतो. तातडीच्या प्रसंगी तक्ते पाहण्यास कोणास सवड नसते आणि जेथे एकच वैद्य उपलब्ध असतो तेथे निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही. दुसरा मार्ग अधिक परिणामकारक ठरल्याचे दिसते.

रुग्णाच्या अनुभवावरून वैद्यकीय गुणवत्ता कळते काय, याविषयी पुरावा संमिश्र आहे. इंग्लंडमधील १४६ रुग्णालय-संस्थांविषयीच्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संकेतस्थळावर रुग्णांनी ज्यांची शिफारस केली होती अशा संस्थांतील मृत्युप्रमाण तुलनेने कमी होते. तसेच ज्यांच्या स्वच्छतेची रुग्णांनी वाखाणणी केली होती, तेथे प्रतिजैवकांना दाद न देणाऱ्या जंतूंचा संसर्गही कमी होता. एकूण ५५ अभ्यासांच्या २०१३ मधील समीक्षेत चांगला अनुभव, सुरक्षितता व उपचारांची परिणामकारकता यांत अनुकूल संबंध आढळला. याउलट अ. सं. सं.मधील ५१,९४६ प्रौढांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्वाधिक समाधानी गटाचा खर्च ८·८% अधिक व मृत्यूचा धोका २६% अधिक दिसून आला. हा संबंध कार्यकारणाचा आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. परंतु रुग्णास हवे ते देणे म्हणजे त्याचे हित करणे नव्हे, हा जुना विवेक त्यामुळे पुन्हा चर्चेत आला.

हा आक्षेप वेदनाशामकांच्या बाबतीत विशेष तीव्र झाला. अ. सं. सं.मध्ये अफूजन्य औषधांच्या व्यसनाने व अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंची साथ पसरली असता, वेदनाशमनाविषयीच्या प्रश्नांचे गुण मोबदल्याशी जोडलेले असल्याने ही औषधे सढळ हाताने दिली जातात, अशी टीका झाली. त्यामुळे ते प्रश्न मोबदल्याच्या हिशेबातून वगळण्याचा निर्णय २०१६ मध्ये घेण्यात आला. सर्दीपडशासारख्या विषाणुजन्य विकारात रुग्णाने आग्रह धरूनही प्रतिजैवक न देणारा वैद्य शास्त्रदृष्ट्या योग्य वागत असतो. पण त्यास गुण कमी मिळण्याचा संभव असतो. वैद्याचे लिंग, वंश व भाषा यांविषयीचे पूर्वग्रहही गुणांत उतरतात, असा आक्षेप आहे.

सौजन्य म्हणजे सचोटी नव्हे, याचे टोकाचे उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील हाइड या गावचा कुटुंबवैद्य हॅरल्ड शिपमन. त्याच्याविषयी अनेक रुग्णांचे मत अत्यंत चांगले होते. १५ रुग्णांच्या खुनांबद्दल तो जानेवारी २००० मध्ये दोषी ठरला आणि पुढील न्यायिक चौकशीत बळींची संख्या २१५ असल्याचे निष्पन्न झाले. रुग्णांच्या पसंतीमुळे तो उघडकीस आला नाही; मृत्युनोंदींची छाननी झाली असती तर आला असता. यावरून अनुभवाचे प्रकटन हे फलितांच्या देखरेखीस पूरक आहे, पर्यायी नव्हे, हे स्पष्ट होते.

कायदा व नीती : रुग्णाची माहिती गुप्त राखणे हे वैद्याचे प्राचीन व्रत आहे. रुग्णाने जाहीर आरोप केल्यास वैद्याला उत्तर देताना तपासणीतील तपशील उघड करता येत नाहीत; अशा वेळी तो एकप्रकारे मुखबंद होऊन उभा असतो. दुसऱ्या बाजूस, बदनामीच्या दाव्याची धास्ती घालून खऱ्या तक्रारी दडपल्या जाण्याचा धोका असतो. अ. सं. सं.मध्ये काही वैद्य उपचारांपूर्वीच ‘जाहीर अभिप्राय देणार नाही’ असा करार रुग्णाकडून लिहून घेत. ग्राहकांच्या अभिप्रायांवर बंदी घालणारी प्रमाणित करारांतील कलमे २०१६ च्या संघशासकीय अधिनियमाने निरर्थक ठरविली. मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये, एका रुग्णाच्या मुलाने वैद्याच्या वागणुकीविषयी जाहीरपणे लिहिलेला मजकूर बदनामीकारक नसल्याचा निर्णय दिला.

जर्मनीच्या संघीय न्यायालयाचे तीन निर्णय या बाबतीत मार्गदर्शक आहेत. वैद्याने आपले नाव अभिप्रायांच्या यादीतून काढून टाकण्याची मागणी केली असता लोकांचा माहितीचा हक्क वरचढ ठरतो, असे २०१४ मध्ये ठरले. अभिप्राय देणारा रुग्ण खरोखरीच उपचारांसाठी आला होता काय, अशी शंका वैद्याने उपस्थित केल्यास तिची कसून शहानिशा करणे हे यादी चालविणाऱ्याचे कर्तव्य आहे, असे २०१६ मध्ये सांगण्यात आले. यादी चालविणारा पैसे देणाऱ्या वैद्यांस जाहिरातीत झुकते माप देऊ लागला, तर तो तटस्थ माहितीदाता राहत नाही आणि अशा वेळी पैसे न देणाऱ्या वैद्याची नाव काढण्याची मागणी मान्य होऊ शकते, हे २०१८ च्या निर्णयाचे सार होय.

भारत : भारतात हा विषय प्रथम ग्राहकहक्काच्या वाटेने पुढे आला. मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९५ मध्ये भारतीय वैद्यक संघाच्या (इंडियन मेडिकल असोसिएशन) प्रकरणात दिला. तथापि ग्राहक न्यायालयात किंवा राज्य वैद्यक परिषदेकडे केलेली तक्रार व प्रकटन या भिन्न गोष्टी होत. तक्रारीत दोष सिद्ध करावा लागतो व तिचा रोख भरपाईवर किंवा शिक्षेवर असतो. प्रकटनात सर्वांचे सर्वसाधारण अनुभव एकत्र मांडले जातात.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये ‘मेरा अस्पताल’ हा उपक्रम सुरू केला. रुग्णालयातून बाहेर पडलेल्या रुग्णास भ्रमणध्वनीवरील संदेशाद्वारे किंवा ध्वनिमुद्रित प्रश्नांद्वारे त्याचा अभिप्राय विचारण्याची त्यात योजना आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेली १७ हक्कांची रुग्णहक्क सनद मंत्रालयाने २०१८ मध्ये लोकांच्या विचारार्थ प्रसिद्ध केली. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावणे व तक्रारनिवारणाची सोय असणे आवश्यक ठरले. संगणकीय अभिप्रायांतील बनावटगिरीस आळा घालण्यासाठी भारतीय मानक संस्थेने २०२२ मध्ये ऐच्छिक स्वरूपाचे मानक जाहीर केले. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या ऑगस्ट २०२३ मधील विनियमांत वैद्यांनी रुग्णांकडून प्रशंसापर अभिप्राय मागवू नयेत व अनुयायी विकत घेऊ नयेत, असे म्हटले होते. परंतु त्याच महिन्यात त्या विनियमांस स्थगिती देण्यात आली.

महाराष्ट्रातील लोकाधारित देखरेख : संगणकीय प्रकटनाचा लाभ मुख्यतः शहरी व सुशिक्षित वर्गास होतो. ज्यांच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र हाच एकमेव आधार आहे अशा ग्रामीण व आदिवासी लोकांच्या अनुभवांचे प्रकटन महाराष्ट्रात निराळ्या पद्धतीने घडून आले. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात सेवांवर लोकांनी देखरेख ठेवण्याची तरतूद होती. तीनुसार २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आता धाराशिव), पुणे व ठाणे या पाच जिल्ह्यांत स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्याने लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. पुण्याची ‘साथी’ ही संस्था त्याची राज्यस्तरीय समन्वयक होती.

या पद्धतीत गावकऱ्यांच्या गटचर्चा व रुग्णांच्या मुलाखती घेऊन गावाचे व आरोग्य केंद्राचे प्रगतिपत्रक तयार केले जाते. परिचारिका गावभेटीस येते काय, औषधे केंद्रातच मिळतात की बाहेरून आणावयास सांगितली जातात, बाळंतपणासाठी पैसे मागितले जातात काय, वैद्यकीय अधिकारी मुक्कामास असतात काय, वागणूक कशी मिळते, अशा बाबी त्यात असतात. समाधानकारक बाबीस हिरवा, मध्यम बाबीस पिवळा व वाईट बाबीस लाल रंग दिला जातो. अक्षरओळख नसलेल्यासही अर्थ कळावा, हा रंगांचा हेतू. हे पत्रक गावात व केंद्रात सर्वांना दिसेल असे लावले जाते.

पुढची पायरी जनसुनवाईची. तीत रुग्ण किंवा त्यांचे आप्त आपला अनुभव उभे राहून सांगतात व आरोग्य खात्याचे अधिकारी तेथेच उत्तर देतात. आरोग्यहक्कांविषयीच्या अशा सुनवाया राष्ट्रीय मानवी हक्क आयोग व जन स्वास्थ्य अभियान यांनी २००४ मध्ये देशाच्या विविध विभागांत घेतल्या होत्या. लोकाधारित देखरेखीने ही रीत आरोग्य केंद्राच्या अंगणापर्यंत नेली. औषधे बाहेरून आणावयास लावणे, बेकायदा पैसे घेणे यांसारख्या प्रकारांस यामुळे अनेक ठिकाणी आळा बसला. तसेच रिक्त पदे, औषधांचा अपुरा पुरवठा, नादुरुस्त वाहने यांस केंद्रातील वैद्यकीय अधिकारी जबाबदार नसून वरची व्यवस्था जबाबदार आहे, ही गोष्टही लोकांसमोर आली. म्हणजे जे प्रकटन वैद्याविरुद्ध आहे असे आरंभी वाटले, तेच काही ठिकाणी त्याच्या मदतीस आले.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ती शासकीय सेवांपुरती राहिली. बहुसंख्य लोक ज्यांच्याकडे प्रथम जातात, त्या खाजगी वैद्यांना ती लागू झाली नाही. तिचा खर्च शासनाच्या अनुदानावर अवलंबून असल्याने तिचे सातत्यही शासनाच्या इच्छेवर अवलंबून राहते. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे भीती. ज्या एकुलत्या एका केंद्रावर उद्या पुन्हा मुलाला घेऊन जावयाचे आहे, तेथील वैद्याविषयी चारचौघांत बोलण्यास रुग्ण धजत नाही. एकट्याच्या नावाने तक्रार न मांडता गावाच्या नावाने पत्रक तयार करण्याची रीत याच अडचणीतून निघाली. रुग्णास निर्भयपणे बोलता यावे, वैद्यास न्याय्य उत्तर देता यावे आणि सांगितलेल्या अनुभवावर कार्यवाही झाल्याचे दोघांनाही दिसावे, या तीन अटी पाळल्या गेल्या तरच प्रकटनाचे रूपांतर केवळ गुणतक्त्यात किंवा केवळ दोषारोपात न होता सेवेच्या सुधारणेत होते.